परातीच्या खोक्यातलं कडं

बस लातूरच्या गांधी चौकातून वळली, मध्येच घुसलेल्या रिक्षासाठी ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला आणि माझ्या मांडीवरचं खोकं पुढच्या सीटच्या दांडीवर आपटलं. झालं एवढंच. झाकण बोटभर उघडलं, मी ते लगेच दाबलंसुद्धा, पण वास बाहेर पडायचा तो पडलाच. जळालेल्या कडब्याचा वास. आधी मागच्या सीटवरच्या बाईंनी पदर नाकाला लावला, मग कुणीतरी म्हणालं वायर जळून राहिली, मग सगळेच आपापल्या पायाखाली वाकून बघायला लागले, आणि कंडक्टर तिकिटाचं मशीन सावरत ड्रायव्हरकडं निघाला, गाडी बाजूला घ्यायला सांगायला. गाडी बाजूला घेतली की संपलंच. नाताळच्या आदल्या दिवशीची गाडी, उभं राहायलाही जागा नाही, आणि नांदेडच्या स्टँडवर अक्का येऊन थांबणार. मला कळायच्या आत मी उभी होते. मी म्हणाले, "वास माझा हाय. खोक्यात कडबा हाय. जळलेला, पण विझलेला." आख्खी बस माझ्याकडं बघायला लागली. मागच्या वर्षी असं झालं असतं तर मी खोकं ओढणीखाली घेतलं असतं आणि बसला खरंच आग लागेपर्यंत तोंड उघडलं नसतं. पण यंदा मी शाळेच्या वक्तृत्वात माइकसमोर उभी राहिले आणि माझा आवाज स्पीकरमधून मैदानाच्या पार टोकाला जाऊन परत आला, तेव्हापासून मला कळलंय की तो आवाज माझाच आहे आणि तो कुठंही नेता येतो. समोरच्या सीटवरचे फेटेवाले आजोबा खोक्यावरचं परातीचं चित्र बघत म्हणाले, "परातीत कडबा घालून नांदेडला निघाली का पोरी? म्हैस हाय का तिकडं?" बस हसली. मीही हसले. मी म्हणाले, "बहीण हाय."

मग बस पुन्हा रस्त्याला लागली आणि मी खोक्यावर दोन्ही हात पालथे ठेवून बसले. माझी बोटं करडईच्या काट्यांनी भरलेली आहेत, बारीक लाल ठिपके, दाबलं की गोड दुखतं. मी एकेक ठिपका मुद्दाम दाबून बघत होते, कारण प्रत्येक ठिपक्याला एक पान आहे आणि ते पान खोक्यात आहे, आणि खोकं अक्काकडं निघालंय, आणि हे अप्पांना माहीत आहे. हा शेवटचा भाग मनात आला की मला बसमध्ये बसवेना. पळावंसं वाटायचं, बसच्या पुढं पळत जावंसं.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण, अक्षरा. तिनं दोन वर्षांपूर्वी योनाथानशी लग्न केलं. योना दाजी नांदेडला एका लॅबमध्ये रक्त तपासतात, हळू बोलतात, आणि ख्रिश्चन आहेत. आमचे अप्पा म्हणजे माणिकप्पा, कपाळाला विभूती लावल्याशिवाय दुकानाचं शटर वर न करणारे. भांड्यांचं दुकान आहे आमचं. अप्पा ओरडले नाहीत, हात उगारला नाही, काहीच केलं नाही. फक्त तिचं नाव घ्यायचं बंद केलं. ते नसलेलं नाव घरात इतकं जोरात ऐकू यायचं की मला कधीकधी जेवताना कान झाकावेसे वाटायचे. आई दुपारी दुकानात जेवणाचा डबा पाठवला की अक्काला फोन लावायची, आणि संध्याकाळी अप्पा आल्यावर आईचा चेहरा असा असायचा की तिनं दिवसभर फक्त डाळ निवडली आहे. आणि दुकानाच्या माळ्यावर अक्काचा संच तसाच होता. ती बारावीत असल्यापासून अप्पा तिच्या लग्नासाठी एकेक भांडं बाजूला काढून ठेवायचे. घागर, डबे, पातेली, सगळ्यात मोठी परात. सगळ्यांवर मशीननं नाव घातलेलं, आणि खोक्यांवर अप्पांच्या हातानं मार्करनं लिहिलेलं, अक्षरा. नाव घातलेलं भांडं दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. मोडीत घालता येतं. अप्पांनी तेही केलं नाही. माळा झाडायचा झाला तरी ते स्वतः शिडीवर चढायचे आणि त्या खोक्यांच्या कडेकडेनं झाडून खाली यायचे.

डिसेंबरात अक्कानं मला एक फोटो पाठवला. त्यांच्या गल्लीत नाताळला प्रत्येक दारावर चांदणी लागते आणि चांदणीखाली रीथ, म्हणजे हिरव्या पानांचं गोल कडं, त्यात लाल फळं. अक्कानं ऑनलाइन मागवलेलं प्लास्टिकचं होतं. ते पाकिटात दबून आलं होतं आणि एका बाजूनं असं बसलं होतं की पंक्चर झालेली सायकलची ट्यूबच. मी हसले, तीही हसली, आणि मग हसता हसता ती म्हणाली, "माझ्या दाराला सगळ्यांकडचं काही ना काही हाय मंजू, सासूबाईंनी दिलेली चांदणी हाय, नणंदेनं विणलेला पडदा हाय. आपल्याकडचं तेवढं काही न्हाई." ती हे रडून म्हणाली असती तर मी तिची समजूत घातली असती. ती अगदी सहज म्हणाली, भाजीत मीठ कमी आहे तसं. त्या रात्री मी फोनवर परदेशातली दारं बघत बसले. एका कड्यात एक पान होतं, जाड, चकचकीत, कडेनं काटे काटे. मी ते मोठं करून बघितलं आणि उठूनच बसले. ते पान मला ओळखीचं होतं. आमच्या रेणापूरच्या रानात ज्वारीच्या कडेनं करडईचा पाटा असतो, ढोरं आत शिरू नयेत म्हणून. त्या करडईचं पान. तस्संच. जगातल्या एवढ्या लोकांनी नाताळची कडी बघितली असतील आणि एवढ्या लोकांनी करडईचे काटे टोचून घेतले असतील, पण दोन्ही एकत्र मलाच दिसलं होतं. माझ्या अंगावर काटा आला, तो पण करडईचाच.

उमैमाला सांगितल्याशिवाय मला काही सुचत नाही. उमैमा म्हणजे माझ्या बाकावरची, तिचे अब्बू ताहेरचाचा लग्नाच्या मांडवांची सजावट करतात, म्हणून तिला तार वळवता येते, गाठी मारता येतात. तिनं फोटो बघितला आणि म्हणाली, ये तो चुंबळ है गे, डोक्यावर ठेव आणि वर घागर ठेव. पण पुढच्याच रविवारी ती माझ्याबरोबर रेणापूरला आली. आम्ही कडबा भिजवला, नरम झाल्यावर पिळला, पीळ देऊन गोल केला आणि सुतळीनं बांधला. अक्काच्या घराला जेवढी दारं आणि खिडक्या होत्या तेवढी कडी करायची होती. आख्खं घर. कॅरोलवाल्या बाया रात्री गात आल्या की त्यांना दारात, खिडकीत, गॅलरीत, सगळीकडं आपल्याकडचंच दिसलं पाहिजे असं माझ्या डोक्यात बसलं होतं. ओल्या कडब्याला गोडसर वास येतो, उसाच्या चिपाडासारखा, आणि तो हाताला दिवसभर राहतो. सहा कडी झाली. वाळायला ती रानातच ठेवली. पाच-सहा दिवसांनी येळवस होतीच, तेव्हा कसंही सगळे रानात येणार, तेव्हा पानं लावू, असं ठरवलं. मी माझ्या हुशारीवर इतकी खूश होते की पुढचा विचारच केला नाही. येळवशीच्या दिवशी पीळ दिलेला वाळका कडबा रानात ठेवणं म्हणजे काय, हे लातूरच्या शेंबड्या पोरालाही कळतं.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी लातूर रिकामं होतं. दुकानं बंद, रस्ते ओस, ज्याला रान आहे तो आपल्या रानात आणि ज्याला नाही तो दुसऱ्याच्या. कडब्याच्या पेंढ्यांची खोपटासारखी कोप करायची, वर नवी शाल घालायची, आत पाच दगड पांडव म्हणून पुजायचे, मग शेंगा-पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील, आणि पोट फुटेपर्यंत आग्रह. उमैमाच्या घरचे दरवर्षी आमच्याकडंच येतात. हाजराबी, म्हणजे तिच्या अम्मी, आंबिलीचा तिसरा पेला घेत आईला म्हणत होत्या की यंदा लसूण कमी पडलाय, आणि आई म्हणत होती की तीन पेले पिऊन मग कळलं का. मी आणि उमैमा पाट्याच्या कडेनं करडईची पानं खुडत होतो, ओल्या फडक्यात गुंडाळत होतो. ताहेरचाचांनी झाड हलवून लाल पिकलेली बोरं पाडली होती, ती माझ्या खिशात. ऊन कलत होतं आणि ज्वारी वाऱ्यानं सळसळत होती, आणि मला राहून राहून वाटत होतं की अक्का इथं नाही आणि तरी आज मी सगळं तिच्यासाठीच करून राहिलेय, या सगळ्यांच्या मध्ये, आणि कुणाला माहीत नाही. हे गुपित माझ्या आत भज्जीसारखं उकळत होतं.

आणि दिवस मावळला. दिवस मावळला की हेंडगा पेटवायचा. कडब्याचा पीळ पेटवून रानाभोवती पळायचं, पिकावरची इडापिडा जाळत जायचं, आणि बांधावर नेऊन तो जळू द्यायचा. मी पानांची गाठोडी बांधून वर बघितलं तर चंद्रप्पा काका कोपीमागून येत होते, आणि त्यांच्या काठीत माझी कडी ओवलेली. काका खूश होते. "कुणी केले हे? लई झकास हेंडगे केलेत. गोल! काठीत घालून पळायला बरं." त्यांनी पहिलं कडं पेटवलं सुद्धा. मला ओरडायला हवं होतं. माझ्याकडं आवाज होता, मैदानाच्या टोकापर्यंत जाणारा, आणि तो कुठं गेला मला कळलं नाही. उमैमानं माझं मनगट धरलं होतं. कारण ओरडून सांगणार काय? कुणासाठी केलेत ते? भावकी सगळी तिथं होती, अप्पा कोपीसमोर उभे होते. आणि दुसरंही एक होतं, ते मी उमैमालाही सांगितलेलं नाही. ती कडी पेटली तेव्हा मला ती आवडली. अंधारत आलेल्या रानाच्या कडेनं आगीची गोल कडी पळत होती, काकांची तिन्ही पोरं, काका, ताहेरचाचा, प्रत्येकाच्या काठीला एक, ज्वारीच्या कणसांवरून उजेड सरकत होता, आणि मला वाटत होतं की नाताळ असाच असणार, असाच दिसणार, आणि माझा जीवही जळत होता आणि मी टाळ्याही वाजवत होते. दोन्ही एकदम. माझं सगळं काम धूर होऊन बांधाबांधानं चाललं होतं आणि मी आनंदानं थरथरत होते.

शेवटचं कडं अप्पांचं. घरच्या कर्त्याचा हेंडगा शेवटी असतो. अप्पांनी ते काठीत घातलं नाही, हातातच घेतलं, उलटंपालटं करून बघितलं. भांडं बघतात तसं, कड गोल आहे का, कुठं पोचा आहे का. काकांनी पेटती काडी लावली. कडब्यानं धरलं. आणि अप्पांनी सुतळीच्या गाठी बघून माझ्याकडं वळून विचारलं, "मंजे, हे हेंडगे न्हाईत. काय हाय हे?"

सगळे थांबले. आग कड्याच्या पावपट भागात आली होती आणि त्या उजेडात अप्पांचं कपाळ दिसत होतं, विभूतीच्या तीन रेघा घामानं विस्कटलेल्या. मला वक्तृत्वाची सगळी सुरुवातीची वाक्यं आठवली आणि एकही उपयोगाचं नव्हतं. मग मी बोलले. आवाज मोठा नव्हता, पण माझाच होता. मी म्हणाले, "अक्काच्या दारासाठी केलं होतं. नाताळला दारावर लावतात."

दोन वर्षांनी तिचं नाव आमच्या रानात उच्चारलं गेलं होतं, आणि ते मी उच्चारलं होतं. आईनं पेल्यात बघितलं. आग पुढं सरकली. आणि अप्पांनी दोन्ही तळव्यांनी ते कडं दाबलं. जळत्या जागी. दाबून धरलं, मुठीत आवळलं, धूर त्यांच्या बोटांमधून येत राहिला, आणि मग येईनासा झाला. चंद्रप्पा काका म्हणाले, "दादा, हेंडगा विझवत न्हाईत." हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असतं. हेंडगा पेटला की पेटला, तो बांधावर आपोआप जळून संपायचा, मध्येच विझवला तर ती इडापिडा रानातच राहते म्हणतात. अप्पा कधी सोमवारी केस कापत नाहीत, मांजर आडवं गेलं तर दुकानाची चावी परत खिशात टाकतात. ते कडं त्यांनी माझ्या हातात दिलं, गरम होतं अजून, आणि म्हणाले, "एका बाजूनं ढिलं हाय. पीळ आणखी द्यायला पाहिजे होता." आणि हात धुवायला हौदाकडं गेले.

अप्पांच्या उजव्या तळव्याला मोठा फोड आला, आईनं लोणी लावलं, ते दुकानात डाव्या हातानं भांडी दाखवत राहिले. गिऱ्हाइकांनी विचारलं तर म्हणायचे, रानात भाजलं. मी माझ्या खोलीत कड्याला पानं लावली, तारेनं, एकेक, मधे मधे बोरं. आई दारातून बघून म्हणाली की जळलेल्या बाजूला जास्त पानं लाव, झाकून जाईल. मी लावायला घेतली आणि थांबले. तीन भाग हिरवा झाला आणि पाव भाग मी तसाच काळा ठेवला. मला कारण सांगता आलं नसतं. तिथं अप्पांच्या बोटांचे ठसे दिसतात असं नाही, पण कडबा तिथं चपटा झालाय, मुठीच्या आकाराचा.

आणि आज सकाळी मी उठले तर दिवाणखान्यात टेबलावर हे खोकं होतं. परातीचं. बाजूला मार्करनं लिहिलेलं, अक्षरा. कडं आत ठेवलेलं, आणि ते इतकं नेमकं बसलं होतं की बोटही आत जाईना. अप्पा पूजेला बसले होते. मी बॅग उचलली तेव्हा घंटा वाजवता वाजवता थांबून एवढंच म्हणाले, "खिडकीची काच लावून बस. वाऱ्यानं कडबा सांडंल."

अहमदपूर गेलं, लोहा गेलं. फेटेवाल्या आजोबांनी खोक्यावरचं नाव वाचून मला अक्षरा म्हणून हाक मारायला सुरुवात केली होती, मी दोनदा सांगितलं की ते बहिणीचं, मग सोडून दिलं. बरं वाटत होतं ते नाव बसमध्ये मोठ्यानं ऐकायला. नांदेडच्या स्टँडवर अक्का उभी होती, पिवळ्या ड्रेसमध्ये, जरा जाड झालेली. तिनं मला मिठी मारली तेव्हा खोकं आमच्या दोघींच्या मध्ये आलं. रिक्षात ती एकसारखी बोलत होती, दाजींनी केक आणलाय, संध्याकाळी कॅरोलवाले येणार, तुला गायला लावतील. मी फक्त खोक्यावरचं नाव दिसू नये म्हणून ते उलट्या बाजूनं धरून बसले होते. जिना चढून आम्ही तिच्या दारापुढं उभ्या राहिलो. वर कागदाची चांदणी, आत दिवा लागलेला. खाली खिळा, आणि खिळ्यावर काही नाही. तिनं ती पंक्चर झालेली ट्यूब काढून टाकली होती.

मी खोकं फिरवलं. तिनं आपलं नाव बघितलं. त्या अक्षरांवरून तिनं बोट फिरवलं, ते कुणाचं अक्षर आहे हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. मग तिनं झाकण उघडलं आणि वास आला. जिन्याच्या त्या बंद हवेत, फिनाईल आणि शेजारच्या तळणाच्या वासात, आमचं रान आलं. अक्का खाली पायरीवर बसली. करडईच्या पानांवरून तिनं हात फिरवला, काटा टोचला, ती हसली, आणि मग तिचा हात काळ्या भागावर आला आणि थांबला. ती आमच्याच घरची आहे. येळवशीला सगळ्यात पुढं पळायची ती. अर्धा जळालेला हेंडगा जगात कुठं नसतो, हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं.

ती म्हणाली, "हे कुणीतरी विझवलंय."

आयुष्यात पहिल्यांदा मी ठरवून, आनंदानं गप्प बसले. तिनं चपट्या झालेल्या कडब्यात आपली मूठ बसवून बघितली. तिची मूठ लहान पडली. मग तिनं वर बघितलं आणि विचारलं, "हात भाजला का गं त्यांचा?"

"तूच विचार," मी म्हणाले, आणि माझ्या फोनवरून नंबर लावून फोन तिच्या हातात दिला. स्पीकर चालू होता. रिंग वाजत होती, मी जिन्याचा कठडा धरला. फोन उचलला गेला. मागं स्टीलचा खणखणाट, कुणीतरी डब्यांची थप्पी लावत होतं.

"पोचलीस का मंजे?"

"मी हाय," अक्का म्हणाली. "अक्षरा."

खणखणाट चालूच राहिला. मग अप्पांनी कुणाला तरी थांब म्हणून सांगितलं आणि तो थांबला.

अक्कानं विचारलं, "हात कसा हाय?"

"हाताला काय धाड भरली." मग नुसता त्यांचा श्वास, शिडी चढून आल्यासारखा. "मंजी नीट पोचली ना?"

"पोचली, अप्पा."

"खोकं रिकामं दिलंय मी. परात इथं माळ्यावर उघडी पडलीय, धूळ बसून राहिली तिच्यावर. ती काय बसमधून दुसऱ्याच्या हातनं पाठवायची वस्तू न्हाई. दोघं येऊन घेऊन जा."

फोन ठेवला गेला. खाली गल्लीत कुणीतरी ढोलकीवर थाप मारून बघत होतं, कॅरोलवाल्यांची तयारी असावी. अक्का उठली, ड्रेसला लागलेली काजळी तिनं झटकली नाही. कडं उचलून तिनं खिळ्याला अडकवलं, जरा मागं होऊन बघितलं, पुन्हा काढलं आणि फिरवून परत लावलं. जळालेली बाजू वर, चांदणीखाली, उजेडात.

"असंच राहू दे," ती म्हणाली. "आत चल, केक कापू."